परसातली फळे आणि सशाचे पोट

वार्षिक अंकासाठी लेख द्या, असे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा बहुतेकांनी कविता दिल्या. मला कविता येत नाही. ससे पाळणे थोडेफार येते, आणि तेही एक ससा गमावल्यावर आले. कला शाखेच्या अंकात सशाचे काय काम, असे कुणास वाटले तर त्याने सांभाळून घ्यावे.

आमचे गाव पुरंदर तालुक्यात. घरामागच्या परसात दोन पेरू, एक पपई, एक अंजीर, आणि बांधाला सीताफळे. चांगला माल वडील सासवडच्या बाजारात नेतात. डागी, उललेला, पाखरांनी टोचलेला माल घरी राहतो. त्यातला आम्ही खाऊन उरलेला शेळीला जायचा. २०२३ साली चुलत्यांनी पुण्याहून दोन पांढऱ्या सशिणी आणल्या आणि शेळीचा वाटा त्यांच्याकडे वळला. धाकट्या भावाने, म्हणजे बाळ्याने, त्यांची नावे कापशी आणि ढवळी ठेवली.

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत बाळ्याने कापशीपुढे पेरू आणि पपईच्या फोडींची पाटीच ठेवली. खोटे कशाला बोलू, ती पाटी मीच भरून दिली होती. कापशीने सगळे फस्त केले. ढवळी लाजाळू, ती कोपऱ्यात गवतच चघळत राहिली. दुसऱ्या दिवशी कापशी अंग चोरून बसली. तोंडाने कशाला शिवेना, खोक्यात एक लेंडी नाही, पोट टम्म, आणि मधूनमधून दात करकर वाजवी. आजीने ओव्याचे पाणी पाजून पाहिले आणि मला म्हणाली, "एवढं कालेजात जातीस, मग हिला काय झालंय ते सांग की." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा बारावीला होते. मला काहीच सांगता आले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे बाळ्या उठवायला आला, "आक्का, कापशी हलंना."

पुढे ढवळीला घेऊन तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. मला वाटले होते, कोणते फळ विषारी ते ते सांगतील. त्यांनी पहिला प्रश्न केला तो "फळं किती घातली?" असा. कोणती, हे त्यांनी नंतर विचारले.

त्या प्रश्नाचा अर्थ मला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्राणिशास्त्राचे पुस्तक चाळताना उमगला. सशाच्या आतड्याला एक मोठी आंधळी पिशवी असते. तीत असंख्य सूक्ष्म जंतू राहतात आणि गवताचा चोथा आंबवून त्यातून पोषण काढतात. म्हणजे गाईच्या पोटात जे काम पुढे होते, ते सशाच्या पोटात मागे होते. या पिशवीतून मऊ, घोसासारख्या वेगळ्या लेंड्या बाहेर येतात आणि ससा त्या पुन्हा खातो. बाळ्याला याची फार किळस वाटे. पण त्यातूनच त्याला प्रथिने आणि 'ब' जीवनसत्त्वे मिळतात, म्हणून त्यास हटकू नये. आता या पिशवीत एकदम भरपूर साखर गेली की चांगल्या जंतूंचा तोल जातो, भलते जंतू वाढतात, वायू धरतो आणि आतड्याची हालचाल मंदावते. सशाला ओकताही येत नाही. आत गेले ते पुढेच सरकले पाहिजे, आणि पुढे सरकवणारा असतो तो गवताचा चोथा. दातांचेही तसेच. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोनएक मिलिमीटर. ते गवत चघळूनच झिजतात, पिकल्या पपईने झिजत नाहीत.

म्हणून सशाचे जेवण म्हणजे वाळलेले गवत, ते दिवसरात्र पुढे असावे, जोडीला थोडा हिरवा पाला आणि स्वच्छ पाणी. फळ हा खाऊ. दोन किलोच्या सशाला चहाचे एक-दोन चमचे, तेही आठवड्यातून एक-दोनदा. तीन-चार महिन्यांच्या आतल्या पिलाला मुळीच नको.

आता आमच्या परसातल्या झाडांचे. पेरू द्यावा तो घट्ट, मधला बियांचा गर काढून. पपई पिकलेली, साल आणि बिया काढून. कच्च्या पपईला चीक असतो, ती नको. अंजीर फार गोड, नखाएवढा तुकडा पुरे, आणि त्याच्या पानाफांदीचा पांढरा चीक सशाच्या तोंडाला लागू देऊ नये. केळे आणि चिकू यांचेही प्रमाण नखाएवढेच. बोर, आंबा यांची आठळी काढूनच.

सीताफळाचे मात्र निराळे. त्याच्या बिया विषारी. आमच्याकडे पूर्वी बायका उवांसाठी त्या वाटून डोक्याला लावत, आणि त्यातले डोळ्यात गेले तर डोळ्याला मोठी इजा होते. गर इतका गोड आणि बिया इतक्या दाट, की निवडत बसण्यापेक्षा सशाला सीताफळ न दिलेले बरे.

झाडाखाली पडलेले फळ ही आमची मोठी चूक होती. पडलेले फळ आंबते, बुरसते, त्यात अळ्या होतात. जे विकायला चालत नाही ते सशाला चालेल, हा हिशेब आम्ही घातला होता. फळ झाडावरचे, ताजे, धुतलेले असावे. औषध फवारलेल्या बागेतले देऊ नये. उरलेला तुकडा तासाभरात उचलावा, नाही तर मुंग्या नि माश्या जमतात.

आणि ससा अर्धा दिवस खाईना, लेंड्या बंद झाल्या, तर ओवा-हिंग करीत न बसता डॉक्टरांकडे न्यावे. आम्ही दोन रात्री घालवल्या.

हे सगळे घरी समजावून सांगितले तेव्हा आजी म्हणाली, "ससा गवत खातो, हे कळायला पुस्तक लागतं व्हय?" यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. बाळ्याने मात्र चहाचा एक जुना चमचा ढवळीच्या खोक्याला सुतळीने बांधून ठेवला आहे. आई तो मधूनमधून स्वयंपाकघरात परत मागते, तो देत नाही.