आजीचा बटवा आणि 'साखरेची गोळी'

सणासुदीला गावाकडचे आजी-आजोबा मुलाकडे राहायला येतात. त्यांच्याबरोबर लाडू येतात, लोणचे येते आणि औषधांची एक पिशवीही येते. आज त्या पिशवीविषयी लिहायचे आहे.

गेल्या दिवाळीत संध्याकाळी पाचच्या सुमारास ओळखीचे एक शिक्षक अडीच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन दवाखान्यात आले. मागोमाग त्यांच्या आई, रडवेल्या झालेल्या. "डॉक्टर, माझ्या साखरेच्या गोळ्या दोन कमी भरतायत हो!"

आजीबाईंना मधुमेह. गोळ्या पाकिटातून काढून त्या बटव्यात सुट्ट्या ठेवीत, सुपारी-लवंगांच्या शेजारी. घरात सगळेच त्यांना 'साखरेची गोळी' म्हणत. नातवाने तेवढेच ऐकले होते.

मुलगा मजेत माझा स्टेथोस्कोप ओढत होता. वडील म्हणाले, "चांगला खेळतोय की. घरी नेऊ का? उद्या भाऊबीज आहे."

इथेच फसगत होते. मी घरून पाकीट मागवले. गोळी ग्लिबेनक्लामाइड, ५ मिलिग्रॅमची. ही गोळी स्वादुपिंडाकडून जास्त इन्शुलिन सोडवून घेते. आजींची वाढलेली साखर त्यामुळे ताळ्यावर येते. पण बारा किलोच्या पोराची साखर मुळात बरोबर असते, ती आणखी खाली जाते. त्याला एक गोळीसुद्धा घातक ठरू शकते. शिवाय परिणाम कित्येक तासांनी दिसू शकतो, म्हणून मूल खेळत असले तरी चोवीस तास दवाखान्यात नजरेखाली ठेवावे लागते. मी त्यांना लगेच बालरोगतज्ज्ञांकडे धाडले. शिक्षक नाराजीनेच गेले.

रात्री एक वाजता सिस्टरने बोट टोचून तपासले, तर साखर ३८! सत्तरच्या खाली गेली की आम्ही सावध होतो. मुलगा शांत झोपलेला दिसत होता, फक्त कपाळावर गार घाम होता. घरी असता तर 'दमून झोपला' म्हणून आईने पांघरूण घातले असते. शिरेतून ग्लुकोज दिले, दुसरा दिवसभर तपासण्या झाल्या, आणि पोर घरी गेले.

वाचकहो, असे घडले तर मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याच्या फंदात पडू नका. मिठाचे पाणी लहान मुलाला स्वतःच विष होऊ शकते. रॉकेल प्यालेल्या मुलाला उलटी करवली तर ते फुप्फुसात जाते. मूल गुंगीत असेल तर तोंडाने काहीही देऊ नका. औषधाचे पाकीट आणि उरलेल्या गोळ्या घेऊन थेट दवाखाना गाठा. सुट्टी, बिननावाची गोळी आणलीत तर आम्हालाही अंदाजच करावा लागतो.

भीती एकट्या मधुमेहाच्या गोळीची नाही. रक्तदाबाच्या गोळ्या तशाच. गरोदरपणात मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्या मुलांना चॉकलेटसारख्या दिसतात आणि जास्त पोटात गेल्या तर जीवावर बेततात. देवघरातला कापूर खाल्ल्याने झटके येतात. आणि आजोबांचा तंबाखूचा चुना! ती पुडी दाबली की उडून डोळ्यात जाते आणि बुबुळ भाजते. तेव्हा पंधरा-वीस मिनिटे नळाखाली डोळा धुवा आणि मगच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पळा.

त्या घरातले पुढचे मात्र मला आठवड्याने कळले. सूनबाई सासूशी बोलेनाशा झाल्या होत्या. आजींनी परतीची पिशवी भरली होती आणि मला विचारायला आल्या, "गोळी बंद केली तर चालेल का?" चालेल का कसले, त्यांनी ती त्याच दिवशी बंद केली होती. साखर ३२० निघाली.

मी मुलाला आणि सुनेला बोलावून घेतले, जरा कडकच बोललो. आजींनी चूक केली खरी. पण त्यांना औषध कुठे ठेवायचे ही जागा तुम्ही दाखवली होती का? पाहुण्याला आपण उशी देतो, टॉवेल देतो. उंचावरचा एक खण नको का द्यायला?

आजी राहिल्या. गोळ्या आता पाकिटासकट स्टीलच्या डब्यात, कपाटाच्या वर असतात. तिथे त्यांचाही हात पोहोचत नाही, म्हणून मास्तर सकाळी शाळेत जाण्यापूर्वी आणि रात्री जेवायच्या वेळी स्वतः काढून देतात.