वजनगट वर चढताना: बॉक्सिंगमधले चणीचे गणित



१३ सप्टेंबर २०२५ रोजी लास व्हेगासमध्ये टेरेन्स क्रॉफर्डने सॉल ‘कॅनेलो’ अल्वारेझला गुणांवर हरवले. क्रॉफर्डची आधीची लढत १५४ पौंडांच्या गटात झाली होती. तिथून तो दोन गट वर चढला, १६८ पौंडांत उतरला आणि तिन्ही पंचांनी त्यालाच विजयी ठरवले. त्यानंतर आपल्या घरांतल्या तरुण मंडळींच्या गप्पांत एक वाक्य वारंवार कानावर पडू लागले, ‘बॉक्सिंगमध्ये वजनाला काही अर्थ नाही, हुशारी पाहिजे.’

‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ हे ऐकत आपण वाढलो, त्यामुळे हे वाक्य आपल्याला लगेच पटते. पण ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजून घेणे आपल्या कामाचे आहे, कारण इथे अमेरिकेत आपली कितीतरी मुले-मुली रेसलिंग, ज्युडो, बॉक्सिंग अशा वजनगटांच्या खेळांत उतरत आहेत. म्हणून या वेळी हा विषय जरा सविस्तर मांडतो आहोत.

वजनगट म्हणजे काय?

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये साधारण १७ वजनगट मानले जातात. सर्वांत खालचा गट १०५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ४७.६ किलोचा. सर्वांत वरचा हेवीवेट. तिथे २०० पौंडांच्या पुढे कितीही वजन चालते. खालच्या गटांत दोन गटांमधले अंतर फक्त ३-४ पौंडांचे असते. १४७ आणि १५४ मध्ये ७ पौंड, १६० आणि १६८ मध्ये ८ पौंड, तर १७५ नंतर एकदम २००.

पन्नास किलोच्या माणसाला दोन किलोचा फरक जितका जाणवतो, तितका शंभर किलोच्या माणसाला जाणवत नाही. म्हणून खाली पायऱ्या जवळजवळ आहेत आणि वर लांब लांब.

काट्यावरचे वजन आणि रिंगमधले वजन

आता खरी मेख. वजन मोजतात ते बहुतेक ठिकाणी लढतीच्या आदल्या दिवशी. खेळाडू त्याआधी काही दिवस पाणी तोडतात, घाम गाळतात, काट्यावर मर्यादेत बसतात आणि मग रात्रभर खाऊन-पिऊन पुन्हा फुगतात. त्यामुळे कागदावर सारखे दिसणारे दोघे रिंगमध्ये सारखे असतीलच असे नाही.

याचे सर्वांत दुःखद उदाहरण २६ फेब्रुवारी २००० चे आहे. न्यूयॉर्कमध्ये आर्तुरो गाटी आणि जोई गमाश यांची लढत १४१ पौंडांवर ठरली होती. लढतीच्या रात्री टीव्ही वाहिनीने पुन्हा वजन केले तेव्हा गाटी १६० पौंडांचा आणि गमाश १४५ चा भरला. म्हणजे जवळजवळ सात किलोंचा फरक! दुसऱ्याच फेरीत गमाश बेशुद्ध पडला. त्याच्या मेंदूला इजा झाली आणि तो पुन्हा कधी रिंगमध्ये उतरला नाही.

म्हणून लढत पाहताना ‘काट्यावर किती भरला?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘आज रात्री तो किती वजनाचा आहे?’ हेही विचारायला हवे.

वजनाने नेमका काय फरक पडतो?

पहिला फरक ठोशाचा. ठोशामागे फक्त दंड नसतो. पाय, कंबर आणि सगळे शरीर असते. शरीर जड असेल तर त्याच वेगाच्या ठोशात जास्त जोर येतो.

दुसरा फरक ठोसा खाण्याचा, आणि आमच्या मते हाच निर्णायक. व्यायामाने दंड-मांड्या वाढवता येतात. जबड्याचे हाड आणि डोक्यातला मेंदू वाढवता येत नाही. खेळाडू दोन गट वर गेला तरी डोके तेच राहते, त्यावर आदळणारे ठोसे मात्र मोठे होतात.

तिसरा फरक ओझ्याचा. दोघे एकमेकांना मिठी मारून रेटतात तेव्हा जड माणूस आपला भार समोरच्याच्या मानेवर आणि खांद्यावर टाकतो. बाराव्या फेरीपर्यंत त्याची किंमत पायांना मोजावी लागते.

२०१६ सालची दोन उदाहरणे पाहा. ब्रिटनचा आमिर खान १४७ पौंडांत लढत असे. ७ मे २०१६ रोजी तो १५५ पौंडांवर कॅनेलोसमोर उभा राहिला. पहिल्या फेऱ्यांत त्याच्या हातांचा वेग डोळे दिपवणारा होता. सहाव्या फेरीत एकच उजवा ठोसा बसला आणि सगळे संपले. त्याच वर्षी १० सप्टेंबरला लंडनमध्ये केल ब्रूक १४७ वरून थेट १६० पौंडांत जाऊन गेनाडी गोलोव्हकिनशी लढला. त्याने सुरुवात झकास केली, पण डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले आणि पाचव्या फेरीत त्याच्या प्रशिक्षकाने टॉवेल फेकून लढत थांबवली. वेग आणि कसब दोघांकडेही होते. कमी पडली ती मार सोसण्याची ताकद.

मग काही जण वर जाऊन जिंकतात कसे?

फिलिपिन्सच्या मॅनी पॅक्वियाओचे नाव इथे सर्वांत आधी घ्यायला हवे. १९९५ मध्ये, सोळाव्या वर्षी तो व्यावसायिक झाला तेव्हा इतका हडकुळा होता, की वजन पुरेसे भरावे म्हणून खिशात जड वस्तू ठेवल्याचे त्याने स्वतःच पुढे सांगितले. १९९८ मध्ये त्याने ११२ पौंडांचे विजेतेपद मिळवले. नोव्हेंबर २०१० मध्ये अँटोनियो मार्गारिटोला हरवून १५४ पौंडांच्या गटाचे मिळवले, आणि आठ गटांत विश्वविजेता होणारा तो पहिला ठरला. त्या रात्री मार्गारिटो सुमारे १६५ पौंडांचा होता आणि पॅक्वियाओ १४८ चा.

पण तारखा नीट वाचा. ११२ पासून तिथवर पोचायला त्याला बारा वर्षे लागली. पोरसवदा शरीर पुरुषाचे होत गेले, तसतसा तो पायऱ्या चढत गेला.

युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकचेही तसेच. तरुणपणी तो हौशी स्पर्धांत ७५ किलोत खेळत असे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचे सुवर्णपदक त्याने ९१ किलोत जिंकले, २०१८ मध्ये २०० पौंडांच्या गटातली चारही विजेतेपदे मिळवली आणि मगच तो हेवीवेटमध्ये गेला. डिसेंबर २०२४ मध्ये टायसन फ्युरीला त्याने दुसऱ्यांदा हरवले, तेव्हा अंगावरच्या कपड्यांसह फ्युरी २८१ पौंडांचा होता आणि उसिक २२६ चा. मात्र उसिक स्वतः सव्वासहा फूट उंच आहे, हे विसरू नये. त्याच्या सांगाड्यात वाढायला जागा होती.

आता पुन्हा क्रॉफर्डकडे येऊ. तो ‘लहान’ म्हणून गाजला खरा, पण दोघांची उंची जवळजवळ सारखी आणि हातांचा पल्ला क्रॉफर्डचाच सुमारे साडेतीन इंचांनी जास्त! शिवाय आधीच्या लढतीनंतर शरीर घडवायला त्याला वर्षाहून अधिक काळ मिळाला होता. हुशारी होतीच, तिच्या जोडीला हाडापेराची चण आणि वेळ या दोन्ही गोष्टी होत्या.

आणि ज्याला त्याने हरवले तो कॅनेलोही वर चढून बघितलेला माणूस होता. मे २०२२ मध्ये १७५ पौंडांत दिमित्री बिवोलने त्याला तिन्ही पंचांच्या कागदावर ११५-११३ असे हरवले. खालच्या गटांत प्रतिस्पर्ध्यांना मागे रेटणारे त्याचे ठोसे सहा फुटी बिवोलला हलवू शकले नाहीत. प्रत्येकाची एक शेवटची पायरी असते.

उतरणे चढण्याहून अवघड

रॉय जोन्स ज्युनियरने मार्च २००३ मध्ये कमाल केली. एके काळचा हा मिडलवेट विजेता १९३ पौंडांचा होऊन २२६ पौंडांच्या जॉन रुइझला भिडला आणि हेवीवेट विजेता झाला. मिडलवेट विजेत्याने असे करण्याची १८९७ नंतरची ती पहिलीच वेळ. मग तो कमावलेले सगळे वजन उतरवून पुन्हा १७५ पौंडांत आला. मे २००४ मध्ये अँटोनियो टार्व्हरने त्याला दुसऱ्या फेरीत आडवा केला आणि सप्टेंबरमध्ये ग्लेन जॉन्सनने नवव्या फेरीत. पस्तिशीचे वय हेही कारण होतेच. पण चढवलेले स्नायू झपाट्याने उतरवले की शरीर आधीसारखे राहत नाही.

ऑस्कर डी ला होया २००८ मध्ये बऱ्याच वर्षांनी १४७ पौंडांत उतरून पॅक्वियाओशी लढला. उंचीने मोठा तोच होता, पण इतका सुकलेला की आठव्या फेरीनंतर स्टुलावरून उठलाच नाही. आणि केल ब्रूक? तो पुन्हा १४७ वर आला आणि मे २०१७ मध्ये एरोल स्पेन्सविरुद्ध त्याच्या दुसऱ्या डोळ्याची खोबणही मोडली.

आपल्या माणसांच्या गोष्टी

भारतीय खेळाडूंना तर कधी कधी निवडच नसते. मेरी कोमने २०१० पर्यंतची पाचही जागतिक विजेतेपदे ४५ ते ४८ किलोत मिळवली होती. २०१२ मध्ये ऑलिंपिकमध्ये महिलांचे बॉक्सिंग प्रथमच आले, पण गट तीनच: ५१, ६० आणि ७५ किलो. मेरी ५१ मध्ये गेली आणि उपांत्य फेरीत निकोला ॲडम्सकडून हरून कांस्यपदक घेऊन आली. ते कांस्य तिच्यापेक्षा थोराड मुलींशी लढून मिळवलेले होते, हे ध्यानात घेतले की त्याची किंमत कळते.

लव्हलिना बोरगोहेनला टोकियोत ६९ किलोत कांस्य मिळाले. पॅरिसमध्ये तो गटच नव्हता. ६६ वर उतरा किंवा ७५ वर चढा. ती उंच, म्हणून वर गेली, आणि २०२३ मध्ये ७५ किलोत विश्वविजेती झाली.

आणि आपले खाशाबा जाधव! खेळ कुस्तीचा, पण गणित हेच. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलोच्या गटात सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला एक गट वर, ५७ किलोत उतरले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक कराडला घेऊन आले.

घरातल्या खेळाडूसाठी

१९९७ च्या अखेरीस अमेरिकेतले तीन कॉलेज कुस्तीगीर महिनाभराच्या आसपासच्या काळात वजन उतरवताना दगावले. घाम गाळायचा, पाणी प्यायचे नाही आणि वर व्यायाम, असा तो प्रकार होता. त्यानंतर नियम कडक झाले. आज हायस्कूल रेसलिंगमध्ये हंगामाआधी शरीरातले पाणी तपासून किमान वजन ठरवतात. मुलांची चरबी ७ टक्क्यांच्या आणि मुलींची १२ टक्क्यांच्या खाली जाईल असा गट घेता येत नाही, आणि आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त वजन उतरवायला परवानगी नाही.

तेव्हा कोच म्हणाले, ‘एक गट खाली आला तर जिंकेल,’ तर शांतपणे विचारा: वजन किती आठवड्यांत उतरवायचे? पाणी तोडून की आहार बदलून? वाढत्या वयाच्या मुलाची उंची यंदा किती वाढली? आणि वर चढायचे असेल तर ते वजन अंगाने धरले आहे, की घाईघाईने चढवले आहे?

वाढीच्या वयात एक गट वर जाऊन चार लढती हरलेले पोर पुढच्या वर्षी त्या गटात भरून येते. तहानेने कोरडे पडून जिंकलेले पदक मात्र त्याच्या अंगी लागत नाही. वरणभात पोटभर खाऊ द्या, पाणी पिऊ द्या आणि शरीर सांगेल त्या गटात खेळू द्या.

आपल्या मुलामुलींपैकी कोणी या खेळांत असेल तर मंडळाला जरूर कळवा. त्यांच्या लढतींना टाळ्या वाजवायला आम्ही हजर राहू!