खुब्यातला धातू, रक्तातला कोबाल्ट

‘ते इम्प्लांट कंपनीनं परत मागवलं, म्हणजे प्रश्न मिटला.’ धातूच्या कृत्रिम खुब्यांबद्दल हा सगळ्यात महागात पडलेला गैरसमज आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीनं ‘एएसआर’ हा खुबा ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवला. परत गेले ते गोदामांतले. रुग्णांच्या हाडात बसलेले तिथंच राहिले.

भारतात असे सुमारे 4,700 खुबे बसवले गेले होते. केंद्रानं दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजचे माजी अधिष्ठाता डॉ. अरुण अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनं 2018 मध्ये अहवाल दिला, तोवर 3,600 हून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नव्हता. इतक्या माणसांना आपल्या शरीरात काय आहे हे कुणी सांगितलंच नसावं, ही गोष्ट संताप आणणारी आहे.

मुळात घडतं काय? खुबा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे असले, की चालताना धातूवर धातू घासतो, सूक्ष्म कण सुटतात आणि त्यांतून कोबाल्ट व क्रोमियमचे आयन रक्तात उतरतात. अशा प्रत्येक सांध्यातून थोडे आयन सुटतातच. एएसआरची वाटी मात्र उथळ होती. ती जरा तिरकी बसली तरी भार कडेवर यायचा आणि झीज झपाट्यानं वाढायची.

म्हणूनच ‘डॉक्टरांनी नीट बसवला नसेल’ हे अर्धसत्य ठरतं. कोन महत्त्वाचा असतोच. पण ब्रिटनच्या सांधेरोपण नोंदवहीत पाच वर्षांत एएसआरच्या 12 ते 13 टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याचं दिसलं. एवढ्या सगळ्या सर्जनांचा हात नेमका याच मॉडेलला चुकला, हे पटण्यासारखं नाही.

‘दुखत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा समज त्याहून घातक. सांध्याभोवतीचे स्नायू आणि ऊती आतून कुजत असताना, गाठ वाढत असतानाही माणूस व्यवस्थित चालू शकतो. रक्तात कोबाल्ट फार चढला तर क्वचित ऐकू येणं, दृष्टी, थायरॉइड आणि हृदयावरही परिणाम होतो. कोबाल्ट बाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंडं करतात. ती कमजोर असतील तर धोका वाढतो.

ब्रिटिश नियामकांनी 2010 मध्ये रक्तातल्या कोबाल्ट किंवा क्रोमियमसाठी लिटरमागे 7 मायक्रोग्रॅम ही सावधगिरीची पातळी सांगितली. आकडा त्यावर गेला म्हणजे लगेच खुबा काढायचा, असं मात्र नाही. पुन्हा रक्ततपासणी, धातूमुळे चित्र बिघडू नये अशा खास पद्धतीचा एमआरआय आणि लक्षणं, हे सगळं मिळून निर्णय होतो.

याउलट, खुबा बदललेल्या प्रत्येकानं घाबरण्याचंही कारण नाही. आज बहुतेकांना प्लास्टिकच्या वाटीत धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा बसवतात. धातूचा गोळा मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याला जिथं जोडतात तिथं झीज होऊन आयन सुटू शकतात, पण ते विरळा.

‘भरपाई मिळाली ना सगळ्यांना?’ नाही. केंद्राच्या दुसऱ्या, सफदरजंग रुग्णालयातल्या डॉ. आर. के. आर्य यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या सूत्रानुसार 30 लाखांपासून 1.23 कोटी रुपयांपर्यंत भरपाई ठरली. कंपनीनं त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. मे 2019 मध्ये तिथं प्रत्येकी 25 लाख देण्याची गोष्ट पुढं आली ती 67 रुग्णांपुरती.

घरात कुणाचा खुबा 2010 मध्ये किंवा त्यापूर्वी बदलला असेल, तर जुने डिस्चार्जचे कागद काढा. इम्प्लांटच्या स्टिकरवरचं कंपनीचं आणि मॉडेलचं नाव वाचा. एएसआर किंवा धातूवर धातू असा दुसरा कुठलाही सांधा निघाला, तर दुखत नसलं तरी अस्थिरोगतज्ज्ञांकडून रक्तातला कोबाल्ट-क्रोमियम तपासून घ्या. त्रास आढळला तर गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे, 1800-180-3024 या टोल-फ्री क्रमांकावर, रुग्णाला स्वतःही कळवता येतं.