घरांतील वेलीची निगा

शहरांतील लहान बिऱ्हाडांना अंगण उरलेलें नाहीं; तथापि हिरव्या पानाची हौस माणसास सोडवत नाहीं. म्हणून खिडकींत, कपाटावर किंवा पाण्याच्या बाटलींत मनीप्लांटची वेल पुष्कळ घरीं दृष्टीस पडते. आरंभीं ती भरगच्च दिसते. परंतु वर्ष-सहा महिन्यांत तिची दशा पालटते. दोरीसारखा लांब दांडा, त्यावर वीत-वीत अंतरावर एखादें लहानसें पान, आणि कुंडीजवळचा भाग अगदीं उघडा! मग घरचीं माणसें पाणी वाढवितात, खत घालतात, आणि वेल अधिकच खंगते. वास्तविक उणीव असते ती प्रकाशाची. ती कशी, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही वेल मूळची पॅसिफिक महासागरांतील सोसायटी बेटांपैकीं मोरेआ या बेटावरची. मोकळ्या रानांत ती हवाई मुळांनीं झाडाचें खोड धरून उजेडाकडे चढते, व जसजशी वर जाते तसतशीं तिचीं पानें मोठीं होत जाऊन हातभर लांबहि होतात. तीच वेल खालीं लोंबत सोडली कीं पानें लहान राहतात.

वनस्पति आपलें अन्न प्रकाशाच्या साहाय्यानें तयार करिते. उजेड अपुरा पडला म्हणजे तो गांठण्यासाठीं ती आपली शक्ति दांड्याच्या लांबीवर खर्च करिते. त्यामुळें दोन पेरांमधील कांडें लांबतें, नवीं पानें लहान येतात व त्यांवरील पिवळे पट्टे फिके पडतात. अशा वेलीस पाणीहि कमीच लागतें. जास्तीचें पाणी मातींत सांचून मुळें कुजतात.

याशिवाय आणखी एक कारण आहे. शेंड्यांतून ऑक्झिन नांवाचें द्रव्य खालीं उतरतें. तें दांडा लांबवितें व खालच्या पेरांवरील डोळ्यांस फुटूं देत नाहीं. डच शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनीं ओटच्या अंकुरांवर केलेल्या प्रयोगांनीं १९२८ सालीं या द्रव्याचें अस्तित्व सिद्ध केलें. शेंडा छाटला कीं त्याचा अंमल संपतो व झोंपलेले डोळे जागे होतात.

तेव्हां उपाय सोपा आहे. कुंडी खिडकीजवळ ठेवावी. मात्र दुपारचें कडक ऊन पानांवर पडूं देऊं नये, तीं करपतात. लांबलेला दांडा पेराच्या किंचित् वर धारदार कात्रीनें कापावा. कापलेल्या भागाचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून त्यांचें खालचें पेर पाण्यांत बुडवावें. पेराशिवाय मुळें धरून नवी वेल होत नाहीं. मुळें बोटभर झालीं म्हणजे ते तुकडे त्याच कुंडींत लावावे. उघडा भाग भरून येईल. वरची माती बोटास कोरडी लागल्यावरच पाणी घालावें. ही वेल चोरून आणावी लागते अशी समजूत आहे. परंतु शेजाऱ्याकडून मागून आणलेला तुकडाहि तितक्याच जोमानें फुटतो.

पालकांनीं दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावें. बाटलींतील स्वच्छ पाण्यांत डेंग्यू पसरविणारा ईडिस डास अंडीं घालतो व आठ-दहा दिवसांत त्यांपासून नवे डास होतात. म्हणून दर आठवड्यास पाणी बदलावें आणि बाटली आंतून घांसावी, कारण अंडीं कांचेस चिकटून राहतात. दुसरें असें कीं, या वेलीच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते. तान्ह्या मुलांच्या व मांजरांच्या आटोक्यांत ती ठेवूं नये.

विद्यार्थ्यांनीं एक प्रयोग अवश्य करावा. सारखे दोन तुकडे सारख्याच मातींत लावून एक कुंडी खिडकीजवळ व दुसरी खोलीच्या कोपऱ्यांत ठेवावी. दोन महिन्यांनीं दोहोंचीं नवीं कांडीं पट्टीनें मोजून वहींत लिहावीं. नंतर कोपऱ्यांतील कुंडीहि खिडकीजवळ आणावी. लांबलेलीं कांडीं आंखूड होणार नाहींत. परंतु त्यापुढें येणारीं पानें जवळजवळ व मोठीं येऊं लागतील.