रस्ता न खोदता नळ नवा करणं: कुठे जमतं, कुठे नाही



आज सुरुवात पाइपाच्या एका तुकड्यापासून करतो. मी इंजिनिअर्समधला माणूस. दापोडीच्या सीएमईमध्ये शिकलो, आणि नोकरीतली काही वर्षं उत्तरेतल्या एका जुन्या छावणीचा पाणीपुरवठा माझ्याकडे होता. उंचावरच्या क्वार्टर्सना पाणी चढत नाही, अशी तक्रार होती. पंप तपासून झाला, मोटर बदलून झाली, फरक शून्य. शेवटी सहा इंची बिडाच्या नळाचा हातभर तुकडा कापून काढला. बाहेरून ठणठणीत, भिंत शाबूत. आत मात्र गंजाच्या गाठीच गाठी, आणि मधून जेमतेम माझी मूठ जाईल एवढी वाट. आमचे सुभेदार साहेब वाकून बघत म्हणाले, "साहेब, पंप चांगलाच आहे. नळाला दमा झालाय."

ज्या नळाची भिंत चांगली आहे, पण छाती भरली आहे, तो खणून फेकायचा की आतून साफ करून पुन्हा कामाला लावायचा? आजचा सगळा विषय या प्रश्नातून निघतो. रस्ता न खणता, म्हणजे सलग चर न मारता, जुना नळ दुरुस्त करण्याच्या पद्धती जगभर आहेत आणि आपल्याकडेही आल्या आहेत. पण 'ट्रेंचलेस' हा शब्द हल्ली जादूच्या कांडीसारखा फिरवला जातो. ती कांडी नाही. कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे कळलं तरच तिचा उपयोग.

आधी दिल्लीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. दिल्ली जल बोर्डाचं पाण्याच्या नळांचं जाळं सुमारे १५ हजार किलोमीटरचं आहे. त्यात बीड, गॅल्व्हनाइझ्ड लोखंड, अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट, नवं डक्टाइल आयर्न असं सगळं मिसळलेलं आहे. शुद्ध करून सोडलेल्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाण्याचा पैसा येत नाही, असं सरकारी आकडेच सांगतात. ते सगळं गळतं असं नाही. त्यात चोरी आहे, बंद मीटर आहेत, फुकट दिलेलं पाणीही आहे. पण गळती लहान नाही.

किती मोठी, ते कागदावर काढून बघा. नळाला पाच मिलिमीटरचं भोक आहे, म्हणजे पेन्सिलीपेक्षाही बारीक, आणि आत वीस मीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब आहे. त्या भोकातून दिवसाला साधारण २० हजार लिटर पाणी जातं. शहरात माणशी रोज १३५ लिटर हे आपलं सरकारी मोजमाप. म्हणजे एक भोक दीडशे माणसांचं पाणी पितं, चोवीस तास दाब असेल तर.

पण दिल्लीत बहुतेक ठिकाणी चोवीस तास दाब नसतो, आणि खरी भीती तिथेच आहे. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास पाणी येतं, मग नळ रिकामा. ज्या भोकातून मघाशी पाणी बाहेर जात होतं, त्याच भोकातून आता बाहेरचं पाणी आत येतं. त्यात लोकांनी थेट लाइनवर टुल्लू पंप बसवलेले असतात. ते नुसतं पाणी ओढत नाहीत, आजूबाजूच्या ओल्या मातीतलं, गटारातलं जे मिळेल ते ओढतात. १९५५ च्या डिसेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. नजफगड नाल्याची घाण वजिराबादला जिथून पाणी उचलतात तिथपर्यंत पोचली होती. तेव्हा घाण उगमाशी शिरली म्हणून सगळ्या शहराला कळलं. गळका नळ हेच काम गल्लीगल्लीत करतो, आणि ते बातमीतही येत नाही.

आता पद्धतींकडे. सर्वांत साधी म्हणजे नळ आतून खरवडून धुवायचा आणि फिरत्या यंत्राने सिमेंटचा काही मिलिमीटरचा थर द्यायचा. सिमेंट अल्कधर्मी असतं, त्यामुळे त्याखालच्या लोखंडाचा गंज थांबतो. छावणीतल्या आमच्या त्या नळाला हेच औषध योग्य होतं. मात्र हा थर नळाला बळ देत नाही. भिंत सडलेली असेल तर आतून सिमेंट लावणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणं.

दुसरी पद्धत, जुन्या नळात नवा प्लास्टिकचा, एचडीपीईचा पाइप ओढून घालायचा. दोन टोकांना दोन खड्डे, तुकडे गरम करून जोडलेला लांब पाइप, आणि एक विंच. ऐकणारा लगेच म्हणतो, अहो, पाइप लहान झाला, पाणी कमी येणार! हिशोब बघा. ३०० मिलिमीटरच्या गंजलेल्या नळात आतून २२० मिलिमीटरचा पाइप बसला. क्षेत्रफळ जवळजवळ निम्म्यावर आलं. पण हेझन-विल्यम्सच्या सूत्रात गुळगुळीतपणाचा अंक असतो. गंजलेल्या बिडाला तो ७० धरला, तर एचडीपीईला १५० धरतात. दोन्ही परिणाम एकत्र केले की तेवढ्याच दाबाला नवा लहान पाइप जुन्याच्या सुमारे ९५ टक्के पाणी नेतो. आणि वाटेत गळत नाही, हा नफा वेगळाच.

तिसरी पद्धत मला सैनिकी वाटते. एक पोलादी सुळका जुन्या नळातून ओढतात. तो नळ आतून फोडत, तुकडे मातीत दाबत पुढे जातो आणि मागोमाग त्याच वाटेने नवा पाइप येतो. हवं तर आधीपेक्षा मोठाही. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी गॅसच्या बिडाच्या नळांसाठी ही निघाली. बीड ठिसूळ, म्हणून फुटतं. पोलाद किंवा डक्टाइल आयर्न फुटत नाही, ते चिरावं लागतं. शेजारी हातभर अंतरावर गॅसची लाइन किंवा विजेची केबल असेल तर मी ही पद्धत सुचवणार नाही. अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचा नळ फोडला तर त्याचे तुकडे कायमचे मातीत राहतात, तेही विसरू नका.

चौथी, रेझिनमध्ये भिजवलेली कापडाची नळी आत उलटवत सोडायची, पाण्याने किंवा हवेने फुगवायची आणि गरम पाणी, वाफ किंवा अतिनील प्रकाश वापरून तिथेच कडक करायची. १९७१ मध्ये लंडनमध्ये एरिक वूड या इंजिनिअरने एका विटांच्या जुन्या गटारात ती प्रथम वापरली. दिल्लीतही यमुना कृती योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात बेला रोड, वजिराबाद रोड अशा मोठ्या मलवाहिन्या न खणता दुरुस्त झाल्या. मग लोक विचारतात, गटाराला जमलं, पाण्याला का नाही?

फरक आहे. गटाराला ठरावीक अंतरावर मॅनहोल असतात, म्हणजे आत शिरायला तयार दारं. पाण्याच्या नळाला दारं नाहीत. गटार आपल्या उताराने वाहतं, नळात दाब असतो. आणि गटारातलं पाणी कोणी पीत नाही. पिण्याच्या नळात वापरायचं रेझिन त्यासाठी प्रमाणित असावं लागतं, नंतर क्लोरीनने धुऊन नमुने तपासावे लागतात.

पण सगळ्यांत मोठी अडचण घरांच्या जोडण्यांची. शंभर मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना मिळून पन्नास घरं असली, तर मुख्य नळाला पन्नास फेरूल असतात. नवा पाइप आत ओढला की ते पन्नासही बंद. प्रत्येक पुन्हा जोडायला एक खड्डा. दर दोन मीटरला खड्डा म्हणजे चरच की! शिवाय जुन्या वस्त्यांत घराकडे जाणारे अर्ध्या इंची लोखंडी पाइप पाहा. कित्येक सरळ नालीतून गेलेले दिसतील. घाण बहुधा तिथूनच शिरते. मुख्य नळाला सोन्याचं अस्तर लावलंत तरी ते पाइप तसेच राहिले तर पाण्याचा वास जाणार नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. रिंग रोडसारख्या रस्त्याखालून, रेल्वेखालून, मेट्रोजवळून जाणारे मोठे नळ, ज्यांना मधे जोडण्या नाहीत, तिथे न खणता दुरुस्ती करा. तिथे रस्ता बंद करण्याचा खर्चच पद्धतीचा खर्च भरून काढतो. गल्लीत मात्र सरळ खणा, नवा नळ टाका आणि प्रत्येक घराची जोडणी नालीच्या वरून, मीटरसकट, बदला. एकदाच खणा, पण पूर्ण खणा. आमच्या भागात एका वर्षात तीनदा रस्ता उकरला. तिसऱ्यांदा तर केबलवाल्यांचं ड्रिल दुसऱ्यांदा टाकलेल्या नळातून आरपार गेलं. ट्रेंचलेसचा हाही एक नमुना!

फौजेत रेकीशिवाय तुकडी हलत नाही. तुमच्या कॉलनीत असं काम मंजूर झालं, तर आरडब्ल्यूएच्या बैठकीत आधी रेकीचे प्रश्न विचारा. नळ नेमका कुठे आणि किती खोल आहे, हे चाचणी खड्डे घेऊन पाहिलं का, की जुन्या नकाशावर विश्वास ठेवलाय? आत कॅमेरा फिरवला का? एखादा तुकडा कापून भिंतीची जाडी मोजली का? काम चालू असताना पाणी कशातून देणार, वरून तात्पुरती लाइन टाकणार की टँकर? घरांच्या जोडण्या कंत्राटात आहेत की नाहीत? हा शेवटचा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. काम झाल्यावर प्रेशर टेस्ट आणि पाण्याच्या नमुन्याचा अहवाल मागून सोसायटीच्या फाइलला लावा.

पुढच्या भागात पाण्याचे मीटर. तोवर नमस्कार, जय हिंद.