थोरल्या भावाची सही

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात धाकट्या भावाची जमीन, त्याचे दुकान, त्याचे देणेघेणे, त्याच्या मुलांच्या मुंजी आणि मुलींची लग्ने हे सारे बहुतेक घरांत थोरल्या भावाच्या सहीने उरके. या सहीला बळ होते अविभक्त कुटुंबाचे आणि सही करणारा म्हणजे घराचा कर्ता. त्याला कोणी नेमत नसे. वडील वारले की घरातला वडील मुलगा, मग तो विशीतला का असेना, आपोआप कर्ता होई. त्यासाठी भावांनी मुखत्यारपत्र लिहून द्यावे लागत नसे, की कोर्टाचा दाखला आणावा लागत नसे.

या व्यवस्थेचा शास्त्राधार जुना आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने लिहिलेली मिताक्षरा बंगाल वगळता बहुतेक देशभर प्रमाण मानली गेली. मुंबई बेट, उत्तर कोकण आणि गुजरात येथे सतराव्या शतकातल्या नीलकंठ भट्टाच्या व्यवहारमयूखाला पहिला मान होता. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० साली मयूखाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, कारण तोवर घरगुती वाटण्यांचे वाद इंग्रज न्यायाधीशांसमोर जाऊ लागले होते. कर्त्याच्या अधिकारांना धारदार कडा आल्या त्या याच कोर्टांत.

सगळ्यांत महत्त्वाचा निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १८५६ साली दिला. तो हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यातला. प्रश्न असा होता की, अज्ञान वारसाच्या मिळकतीची व्यवस्था पाहणाऱ्याने ती गहाण टाकली, तर त्या कर्जाने वारस बांधला जातो का? उत्तर मिळाले : गरज खरी असेल किंवा मिळकतीचे हित होत असेल तर जातो. सावकाराने गरजेची प्रामाणिक चौकशी केली पाहिजे. पुढे त्या पैशाचे काय झाले याचा जिम्मा मात्र त्याच्यावर नाही. भावाभावांच्या सामाईक मिळकतीलाही हाच दंडक लागू झाला.

या एका नियमाने दस्तऐवजांचा चेहरा बदलला. गहाणखत किंवा खरेदीखत लिहिताना कर्ज कशासाठी काढले ते कारण नोंदवणे अगत्याचे झाले : सरकारसारा, घरखर्च, बहिणीचे लग्न, वडिलांचे जुने देणे, कज्ज्याचा खर्च. कर्त्याने सही स्वतःकरिता करायची आणि अज्ञान भावांकरिताही. अज्ञान भाऊ वीस वर्षांनी सज्ञान होऊन दावा लावी, तेव्हा कोर्टात सगळी झटापट त्या एका ओळीवर होई. लग्न खरोखर झाले होते का? सारा थकला होता का? साक्षीदार हयात नसत आणि राही ती ओळ. एवढ्याशा मजकुरावर इतक्या माणसांचे पोट अवलंबून असल्याची उदाहरणे कागदपत्रांच्या जगात विरळाच.

व्यापारी घरांत गुंता आणखी वाढे. पेढी चालवायची म्हणजे रोज उसनवार, हुंडी, उधारी. प्रत्येक व्यवहारापूर्वी गरज सिद्ध करत बसले तर धंदा बुडेल, हे ओळखून मुंबईत १८६१ साली निकाल झाला की, वडिलार्जित धंद्याच्या ओघात कर्त्याने जे करणे भाग आहे, त्याने अज्ञान भावंडेही बांधली जातात. मात्र ती सामाईक मिळकतीतल्या आपल्या हिश्श्यापुरती. पेढीची कीर्द-खतावणी कर्त्याच्या हाती असे आणि बिनसले तर धाकट्या भावाला मागच्या खर्चाचा हिशेब मागता येत नसे. लबाडी किंवा अफरातफर दाखवता आली नाही, तर वाटणीच्या दिवशी जे शिल्लक असेल तेच वाटायचे. कर्त्याने सढळ हाताने खर्च केला म्हणून त्याला जाब विचारता येत नव्हता. विश्वासावर उभ्या असलेल्या घराला हा नियम शोभणारा होता. विश्वास उडाला की तोच नियम धाकट्याच्या गळ्याशी येई.

विश्वास टिकला तर ही व्यवस्था काय करू शके, याचे उत्तम उदाहरण गोखल्यांच्या घरात आहे. कागलला नोकरीस असलेले कृष्णराव गोखले १८७९ साली वारले. थोरला गोविंद अठरा वर्षांचा, गोपाळ तेरा वर्षांचा. गोविंदने शाळा सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये तो दरमहा कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवी. उरलेल्या सात रुपयांत घर चाले. पुढे कॉलेजच्या खर्चाला वहिनींनी अंगावरचे दागिने काढून दिले. १८८४ साली गोपाळ कृष्ण गोखले एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले आणि मिळवते झाल्यावर त्यांनी भावाच्या घराचा भार उचलला. गोविंदरावांवर यातले काहीही करण्याची कायद्याने सक्ती नव्हती. ना. गोखल्यांच्या चरित्रात थोरल्या भावाला आणि वहिनीला याहून जास्त जागा मिळायला हवी.

शिकलेल्या भावाच्या पगारावर घराचा हक्क किती, हा वादही याच पिढीत पेटला. मुंबई उच्च न्यायालयाने १८८२ साली ठरवले की, सर्वसाधारण शिक्षण कुटुंबाच्या पैशाने झाले एवढ्यावरून पुढची कमाई सामाईक होत नाही. धंद्याचे खास शिक्षण घराच्या खर्चाने झाले असेल तर गोष्ट वेगळी. हा भेद मिटायला १९३० चा कायदा यावा लागला.

व्यवस्थेची कोंडी खरी जाणवली ती वाटणी मागताना. १८९१ साली आपाजी कुलकर्णी यांच्या दाव्यात उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने म्हटले की, बाप आपल्या भावांसह एकत्र असताना त्याच्या संमतीवाचून मुलाला वाटणी मागता येत नाही. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी विरुद्ध मत नोंदवले. बहुमताचा नियम मुंबई इलाख्यात टिकला. विधवा भावजयीची अवस्था तर फारच वाईट. नवरा अविभक्त असतानाच निपुत्रिक वारला, तर त्याचा हिस्सा दिरांकडे जाई आणि तिला अन्नवस्त्रापुरता हक्क राही. १९३७ चा कायदा येईपर्यंत हे असेच चालले.

या संस्थेचा सर्वांत चिवट अवशेष मात्र महसुली दप्तरात आहे. रयतवारीत सारा वसूल करायला सरकारला खात्यावर एक नाव पुरत असे आणि ते बहुधा थोरल्या भावाचे असे. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, तरी भावांची नावे न चढवता थोरल्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, एवढा शेरा मारण्याची रीत पडली. अज्ञान असेल तर ‘अ.पा.क.’, अज्ञान पालनकर्ता. शेऱ्यामुळे थोरला एकटा मालक ठरत नाही. पण वही नव्याने लिहिताना ती तीन अक्षरे गळाली, किंवा थोरल्याच्या मृत्यूनंतर फक्त त्याच्याच मुलांची वारस म्हणून नोंद झाली, की धाकट्या पातीचे नाव उताऱ्यावर कुठेच उरत नाही. मग पीककर्ज मिळत नाही, भूसंपादनाचा मोबदला एकाच घरात जातो आणि हिस्सा सिद्ध करायला पणजोबांच्या काळचे फेरफार शोधावे लागतात. बहिणींची नावे तर त्या नोंदींत मुळातच नव्हती; महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना जन्मतः समान हक्क दिल्यावर ही उणीव अधिकच भोवू लागली.

ज्यांच्या सातबाऱ्यावर आजही ‘ए.कु.मॅ.’ हा शेरा आहे, त्यांनी जुने फेरफार काढून सगळ्या हिस्सेदारांची नावे तपासावीत आणि शेरा कमी करण्याचा अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर करावा. घरातली वडीलधारी माणसे हयात आहेत आणि भाऊबंद एकमेकांशी बोलत आहेत, तोवर हे काम एका अर्जात होते.