कॉन्टॅक्ट लेन्स : भीती कशाची बाळगावी?

कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यामागे सरकून हरवते, ही भीती निराधार आहे. पापणीच्या आतून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पसरलेले पातळ आवरण तिला मागे जाऊच देत नाही. फार तर ती वरच्या पापणीखाली दडते. खरा धोका पाण्याचा, आणि त्याचीच भीती कोणाला वाटत नाही! नळाच्या पाण्यातील अकांथामिबा हा सूक्ष्म जीव लेन्सला चिकटून बुबुळावरील पारदर्शक पटलात शिरू शकतो. उपचार महिनोनमहिने चालतात, प्रसंगी दृष्टीही जाते. पिण्यासाठी गाळून उकळलेले पाणीदेखील लेन्ससाठी वापरू नये. निवताना, हाताळताना ते निर्जंतुक राहत नाही. डबीतील कालच्या द्रावणात नवे ओतण्याची काटकसर तर व्यापारी हिशेबातही तोट्याचीच. स्नानापूर्वी, पोहण्यापूर्वी व झोपण्यापूर्वी लेन्स काढावी. डोळा लाल होऊन दुखू लागल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.